ऑफिसला लेखी कळव, सासूबाईंशी नवऱ्याला बोलू दे

या महिन्यात आलेल्या पत्रांत गरोदर बायकांची पत्रं इतकी आहेत की सगळं पान त्यांनाच दिलंय. एक पत्र नवऱ्याचंही आहे, त्याचं मला विशेष बरं वाटलं. नावं छापलेली नाहीत.

ताई, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला, पाचवा महिना चालू आहे. जॉइन होऊन सात महिने झालेत, प्रोबेशन अजून संपलं नाहीये. बॉसला सांगितलं तर तो आधी गप्पच बसला, मग दोन दिवसांनी माझं काम दुसऱ्या मुलीकडे दिलं आणि एचआरच्या मॅडम म्हणाल्या की प्रोबेशनवाल्यांना मॅटर्निटी लीव्ह नसते, तू आत्ता राजीनामा दे, बाळ मोठं झालं की बघू परत घेता येतं का. घरी ईएमआय आहे, नवऱ्याचा एकट्याचा पगार पुरणार नाही. त्यात सकाळची लोकल, रोज पोटावर बॅग धरून उभी असते. रात्री झोप लागत नाही.

पहिली गोष्ट, राजीनामा लिहून देऊ नकोस. कितीही गोड बोलले तरी नाही. स्वतःहून सोडलीस असं कागदावर आलं की पुढे भांडायला हातात फार काही उरत नाही.

प्रोबेशनवालीला रजा नाही असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आहे, २०१७ मधे त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आता हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण हे आकडे तेच आहेत. अट एवढीच की डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत तू तिथे किमान ८० दिवस काम केलेलं असावं, आणि सात महिन्यांत तुझे ते कधीच भरलेत. ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असली की हे लागू होतं. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० सालीच सांगितलंय, मग तुला तर अपॉइंटमेंट लेटर आहे. तुझा पगार २१,००० च्या आत असेल आणि त्यातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर पैसे ऑफिस नाही, ईएसआय देतं, तिथे अट ७० दिवसांच्या योगदानाची आहे. स्लिपवर कपात दिसते का ते बघ.

आता करायचं काय. आजच एचआरला ईमेल कर, चार ओळी पुरेत: मी गरोदर आहे, डॉक्टरांनी दिलेली तारीख ही, मी अमुक तारखेपासून मातृत्व रजा घेणार आहे, सर्टिफिकेट जोडलंय. रागाचं काही लिहू नकोस, बॉसचं नाव घेऊ नकोस. आणि त्या मॅडम जे तोंडी बोलल्या तेही त्याच मेलमधे साधेपणाने लिही, म्हणजे "आपण सांगितलंत की प्रोबेशनमधे रजा मिळत नाही, कृपया हे लेखी कळवावं". लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच ठिकाणी भाषा बदलते. मेलची एक कॉपी तुझ्या स्वतःच्या आयडीवर ठेव, ऑफिसचा आयडी कधी बंद होईल सांगता येत नाही. गरोदरपणामुळे काढून टाकलं तरी रजेच्या पैशांवरचा हक्क जात नाही हेही कायद्यातच आहे. उत्तर आलं नाही किंवा उलटं आलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

काम दुसरीकडे दिलं याचं तुला वाईट वाटलंय ते पत्रात जाणवतं. त्यावर कायदा फारसा उपयोगी नाही, खरं सांगते. पण रजा आणि पैसे हा वेगळा विषय आहे, तो आधी पक्का कर, मानापमानाचं नंतर बोलता येईल.

लोकलचं म्हणशील तर दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना प्रवास करायची परवानगी आहे, कितीतरी जणींना हे माहीतच नसतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट पर्समधे ठेव, कोणी हटकलं तर दाखव. आणि वेळ तासभर पुढे-मागे करून मिळेल का हेही त्याच मेलमधे विचार.

नमस्कार, मी नाशिकहून लिहितोय. बायकोला नववा आठवडा आहे. तिला दिवसभर उलट्या होतात, फोडणीचा वास आला तरी उठून पळते. माझी आई म्हणते आम्ही नवव्या महिन्यापर्यंत शेतात खुरपत होतो, आजकालच्या मुलींना कौतुकच फार. बायको रडते आणि आई रुसते, मी मधे अडकलोय. मी काय करू शकतो?

तुम्ही विचारलंत हेच मोठं आहे. बोलायचं तुम्हीच, बायकोने नाही. सून बोलली की ते उलट उत्तर होतं, मुलगा बोलला की निदान ऐकलं तरी जातं. आईला एकटं गाठा आणि सांगा की आई, तू केलंस ते खूप होतं आणि तेव्हा तुला कोणी विचारलं नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणूनच हिच्या बाबतीत तसं व्हायला नको. अहो, त्या पिढीच्या बायकांना खरंच कोणी विचारलं नव्हतं, त्यांच्या बोलण्यात ती दुखरी जागा असते. ती ओळखून बोललात तर आई नरम येतील असं मला वाटतं.

उलट्या साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होतात आणि बहुतेकींच्या बारा ते सोळा आठवड्यांत कमी होतात. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी कोरडं काहीतरी, खाकरा, कुरमुरे, टोस्ट, आणि मग थोडं थोडं दर दोन तासांनी. स्वयंपाकाची फोडणी काही आठवडे तुम्ही घाला. पण दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, वजन उतरत असेल तर ते कौतुक नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, सलाइन लावावं लागतं. उलट्यांवर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने मेडिकलमधून आणू नका.

सोनोग्राफीला तिच्याबरोबर जा. आणि रजा जपून ठेवा, सगळी आत्ता संपवू नका. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा असते, खाजगी नोकरीत मात्र असा कायदा नाही, कंपनी देईल तेवढीच. मला हे फार चुकीचं वाटतं पण आज तरी असं आहे. बाळ घरी आल्यावर रात्रीचं जागरण सुरू होतं तेव्हा तुमची खरी गरज लागेल.

ताई, आमचं सांगलीजवळ एकत्र कुटुंब आहे, सहावा महिना. ग्रहणात चाकू धरू नको, पपई खाऊ नको, केशर खा म्हणजे बाळ गोरं होईल, रोज नवीन काहीतरी. हिमोग्लोबिन ९ आहे, पण जाऊबाईंनी सांगितलं लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं आणि फार मोठं होऊन सिझर करावं लागतं, म्हणून सासूबाईंनी गोळ्या बंद केल्यात. आता आत्याबाई म्हणतात ओळखीचा सोनोग्राफीवाला आहे, मुलगा की मुलगी सांगतो.

सगळ्या गोष्टींवर भांडत बसलीस तर दमून जाशील, म्हणून दोन गोष्टींवर ठाम राहा आणि बाकीचं सोडून दे. ग्रहणात दोन तास भाजी चिरली नाहीस तर तुझं काही जात नाही, फक्त उपाशी राहू नकोस आणि पाणी बंद करू नकोस. पपई नाही खाल्ली तरी पेरू आहे, संत्रं आहे. केशराने रंग बदलत नाही, दुधात चिमूटभर घातलं तर प्यायचं.

पहिली ठाम गोष्ट गोळी. आजपासून परत सुरू कर. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, तुझं ९ आहे आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर एवढ्या कमी रक्तावर जिवाशी खेळ होतो. गोळीने बाळाचा रंगही बदलत नाही आणि सिझरही होत नाही. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, घाबरायचं नाही. चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मळमळलं तर रात्री झोपताना घे. बद्धकोष्ठ झालं तर बंद न करता डॉक्टरांना सांग, दुसरी गोळी मिळते. घरात ऐकत नसतील तर आशाताईंना घरी बोलव, सासूबाईंसमोरच बोलायला लाव.

दुसरी ठाम गोष्ट, त्या सोनोग्राफीवाल्याकडे जायचं नाही. १९९४ च्या कायद्याने लिंगतपासणी गुन्हा आहे, करवून घेणाऱ्या नातेवाइकांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कायदा असंच धरून चालतो की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असणार. हे नवऱ्याला वाचून दाखव आणि आत्याबाईंना त्यालाच सांगू दे. जबरदस्ती व्हायला लागली तर गप्प राहू नकोस, माहेरी कळव.

पुण्यात राहते, माहेर लातूर. आठव्या महिन्यात आई न्यायला येणार आहे, पण इथल्या डॉक्टरांची सवय झालीय. नवरा म्हणतो इथेच राहा, आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच.

तुला कुठे शांत झोप लागेल ते आधी ठरव, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस, आई आणि नवऱ्याचंच लिहिलंय. लातूरला जायचं असेल तर आठव्या महिन्याच्या शेवटी धावपळ करत नको, बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास जा आणि तिथल्या डॉक्टरांना एकदा आधीच दाखवून ये. फाइल, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, शुगरची तपासणी हे बरोबर ने, फोटो काढून नवऱ्याच्याही फोनमधे ठेव. तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, रात्री डॉक्टर असतात का, रक्त कुठून येतं, हे विचारून घे. पुण्यात राहायचं ठरलं तर आईलाच महिनाभर बोलव.

कुठेही राहिलीस तरी बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं फार दुखायला लागलं, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं. गाडी नसेल तर १०८.