वाचकांचे प्रश्न: पित्तनळीतला स्टेंट, अन्ननलिकेतला स्टेंट

प्रश्न : आईच्या (वय ६२) पित्तनळीतले खडे ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत शिरून) काढले आणि आत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, ठेवला. तीन महिने नेमके गणपतीत भरतात. तिला काहीच त्रास नाही. गावाहून परतल्यावर, महिनाभर उशिरा काढला तर चालेल का? (भांडुप)

उत्तर : नाही. उलट गावी जायच्या आठवडाभर आधी काढून घ्या. डॉक्टरांना विचारून तारीख अलीकडे आणता येते. पुढे ढकलू नका.

त्रास नाही म्हणजे स्टेंट मोकळा आहे असं नव्हे. नेहमीचा स्टेंट ७ किंवा १० फ्रेंच मापाचा असतो. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे यांतला जाडही बाहेरून जेमतेम ३.३ मिलिमीटर, आणि आतलं भोक त्याहून बारीक. त्याचं एक टोक आतड्यात उघडं असतं. तिथले जंतू आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतात, त्यावर पित्ताचा गाळ साचतो आणि साधारण तीन महिन्यांत नळी तुंबू लागते. तुंबलेलं पित्त सडतं, दाब वाढला की जंतू थेट रक्तात जातात. वर्षानुवर्षं विसरलेल्या स्टेंटभोवती नवे खडे धरतात, तो वर किंवा खाली सरकतो, ओढताना तुटतोही.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मुंबईच्या पावसाळ्यात हुडहुडी भरली की सगळे आधी मलेरियाच्या तपासणीमागे लागतात आणि त्यात दोन दिवस जातात. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : ‘आत स्टेंट आहे.’

काढण्याआधी विचारून घ्या : फक्त स्टेंट काढायचा आहे, की आत खडे उरले आहेत? फक्त काढायचा असेल तर दुर्बीण तोंडातून घालून स्टेंटचं टोक फासात पकडून ओढतात. काही मिनिटांचं काम. खडे उरले असतील तर पुन्हा पूर्ण ईआरसीपी लागते, आणि तिच्यानंतर काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते; वरच्या पोटात सुरू होऊन पाठीपर्यंत जाणारी कळ हे तिचं लक्षण. दोन्हींसाठी निदान सहा तास उपाशी राहावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. पित्ताशयात खडे असतील तर पित्ताशय कधी काढायचं तेही ठरवून घ्या. नाहीतर तिथला खडा पुन्हा नळीत उतरतो.

प्रश्न : वडिलांच्या अन्ननलिकेत गाठीमुळे धातूचा स्टेंट बसवला. छातीत दुखतं. खायला काय द्यावं? (गिरगाव)

उत्तर : ही निकेल-टायटॅनियमची जाळी मिटलेली आत जाते आणि एक-दोन दिवसांत हळूहळू फुलते. त्या ताणाने काही दिवस दुखतं. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर द्या. दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा धाप लागली तर थांबू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी पेज, ताक, सार. मग गुरगुट्या भात, पातळ खिचडी, वरणात कुस्करलेली इडली. पाव मात्र बंदच. ओला झाला की त्याचा चिकट गोळा होतो आणि जाळीत बसतो. पालेभाजीचे देठ, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडी, मटणाचे तुकडे, काट्याचे मासेही नकोत. ताठ बसून लहान घास, मध्ये मध्ये कोमट पाणी.

घास अडकला तर घोट घोट कोमट पाणी किंवा बाटलीतला फसफसणारा सोडा द्या आणि थोडं चालवा. काटा अडकल्यावर कोरड्या भाताचा गोळा गिळायची आपल्याकडची सवय इथे घातक आहे. आधीच्या घासावर दुसरा बसतो. थुंकीही उतरेना झाली तर रुग्णालय. दुर्बिणीतून घास मोकळा करतात.

स्टेंटचं खालचं टोक जठरात उतरलं असेल तर आम्ल वर येतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, जेवण झोपण्याआधी तीन तास उरका आणि आम्ल कमी करणारी गोळी विचारून घ्या.

प्रश्न : पित्तनळीत पहिल्यापासून धातूचाच स्टेंट का घालत नाहीत? (दादर)

उत्तर : तो ८ ते १० मिलिमीटर फुलतो, जास्त टिकतो, पण महाग असतो. आवरण नसलेली जाळी भिंतीत रुतते, मग निघणं फार कठीण. म्हणून ती मुख्यतः कर्करोगात वापरतात. आवरणाची जाळी काढता येते, पण निसटू शकते. खडे काढल्यावर काही आठवड्यांपुरता आधार हवा असेल तर प्लास्टिक पुरतं.