‘तीन वर्षं आहेत’ असं कुणी सांगितलं?

पुण्याच्या एका वाचकाने लिहिलं आहे. एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये 11 वर्षं नोकरी, पद असिस्टंट मॅनेजर. जुलै 2024 मध्ये एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. ‘आजच पेपर टाका, नाहीतर टर्मिनेशन लेटर देऊ, मग दुसरीकडे नोकरी मिळणं अवघड जाईल.’ राजीनाम्याचा मजकूर तयार होता: ‘वैयक्तिक कारणास्तव’. यांनी सही केली. तीन महिन्यांचा पगार ‘एक्स-ग्रेशिया’, म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेली रक्कम, म्हणून मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, 31 जुलैला रिलीव्हिंग लेटर हातात पडलं. त्याच आठवड्यात त्यांच्या मजल्यावरचे आणखी बरेच जण गेले. प्रश्न असा की ही बेकायदा नोकरकपात नाही का? आणि जाता जाता एक वाक्य: ‘दाव्याला तीन वर्षांची मुदत असते असं मित्राने सांगितलं, म्हणून घाई केली नाही.’

पत्रातलं कामाचं वाक्य तेवढं हे शेवटचं. कपात अन्यायाची होती का, यावर मी शाई खर्च करत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर या धंद्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डझनभर कंपन्यांच्या जागी तीन मोठ्या खासगी कंपन्या उरल्या आणि माणसं रस्त्यावर आली. तुमचं काय होणार हे मात्र एका तारखेवर ठरेल.

तुमच्या मित्राची तीन वर्षं जुन्या कायद्यातली आहेत. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 2-अ प्रमाणे नोकरी गेल्यापासून तीन वर्षांत दाद मागता येत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिने ही मुदत दोन वर्षांवर आणली. तुमची नोकरी जुन्या कायद्याच्या काळात गेली, म्हणून तीन वर्षांचा हक्क टिकतो असा युक्तिवाद करता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण हा मुद्दा उच्च न्यायालयात जाऊन ठरायला जी वर्षं लागतील ती तुमच्या आयुष्यातली असतील. दोनच वर्षं धरा. म्हणजे 31 जुलै 2026.

आता नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. 31 जुलैला समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कंपनी आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज टाकून भागणार नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज औद्योगिक न्यायाधिकरणात, म्हणजे असे वाद निकाली काढणाऱ्या न्यायमंचात, पोचायला हवा. आणि तिथे थेट जायचं तर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवस उलटलेले असावे लागतात. 31 जुलैतून 45 दिवस मागे गेलात की 16 जून येतो. हे मी एप्रिलच्या मध्यावर लिहिते आहे. मेअखेरपर्यंत अर्ज गेला नाही तर मला पुन्हा लिहू नका, माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नसेल. कंपनीला वकिलाची नोटीस पाठवून घड्याळ थांबतं, असाही एक गैरसमज आहे. नोटिशीने काहीही थांबत नाही.

महाराष्ट्रात याहून जवळचा एक रस्ता होता, अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या 1971 च्या राज्य कायद्याचा. त्याची मुदत 90 दिवसांची. ती ऑक्टोबर 2024 मध्ये संपली, तेव्हा तुम्ही मित्राच्या सल्ल्यावर स्वस्थ होतात. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण ऐकून न्यायाधीश कंटाळले आहेत.

अर्ज कुठे? राज्याच्या कामगार आयुक्तांकडे जाऊ नका. नव्या संहितेत दूरसंचार हे नाव घेऊन केंद्राच्या कक्षेत टाकलं आहे, म्हणून केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतल्या पुण्याच्या कार्यालयात जा. ते ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणाले तर तसं लेखी मागा आणि त्याच दिवशी राज्याच्या कार्यालयात अर्ज द्या. जे कंपनीच्या थेट पगारपत्रकावर नसून एखाद्या व्हेंडरकडे होते, त्यांच्याबाबत कक्षा कोणती यावर वाद निघू शकतो. त्यांनी दोन्हीकडे अर्ज द्यावेत.

राजीनाम्याचं काय? खरं सांगायचं तर तो तुमच्या गळ्यात आहे. राजीनामा दिला म्हणजे कपात नाही, असंच कंपनी पहिल्या उत्तरात म्हणेल. दबावाखाली घेतलेली संमती करार कायद्यानुसार रद्द ठरवता येते, पण दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. सही केल्यावर दुसऱ्या दिवशी एक ओळीचा मेल टाकला असता, ‘राजीनामा माझ्या इच्छेने दिलेला नाही’, तर आज तुमच्या बाजूला तोच सगळ्यात वजनदार कागद असता. तुम्ही टाकला नाहीत. मग आता उरलेला पुरावा गोळा करा: मीटिंगचं कॅलेंडर निमंत्रण, एचआरने मजकूर पाठवला असल्यास तो मेल, सहकाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. आणि मुख्य म्हणजे त्या आठवड्यातले बाकीच्यांचे राजीनामे. एकाच मजल्यावरच्या दहा माणसांना एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत ‘वैयक्तिक कारण’ सुचत नाही. सहकाऱ्यांना फोन करा, त्यांचीही मुदत तुमच्याइतकीच उरली आहे.

स्वेच्छा कशाला म्हणतात हे बीएसएनएलच्या 2019 च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत दिसतं. 50 वर्षांवरच्यांसाठी जाहीर योजना, हिशेब समोर, 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर असा महिनाभर विचाराला वेळ. 78 हजारांहून जास्त लोक त्यातून बाहेर पडले. त्यातल्या किती जणांना खरोखर जायचं होतं हा वेगळा प्रश्न, पण कागद भक्कम होता. तुमच्या कंपनीने तुम्हाला घरी फोन करायलाही वेळ दिला नाही. हा फरक अर्जात ठळक मांडा.

ही दाद फक्त ‘कामगारा’ला मागता येते, पण म्हणून ‘असिस्टंट मॅनेजर’ या पदाला घाबरू नका. कायदा पदाची पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतो. तुम्ही शिफ्टमध्ये बसून अलार्म बघत होतात, बिघाडांच्या नोंदी (टिकिटं) निकाली काढत होतात, तर ते तांत्रिक काम आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. महिना 18 हजार पगाराची मर्यादा देखरेख करणाऱ्यांसाठी आहे. हाताखालच्यांच्या रजा मंजूर करत होतात, त्यांचं मूल्यमापन लिहीत होतात का? मग गोष्ट अडचणीची होते, आणि याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही.

अनेक जण विचारतात, इतक्या लोकांना काढायला सरकारची परवानगी नको का? ती अट कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. दूरसंचार कंपनीचं ऑफिस त्यात बसत नाही.

कपात मानली गेली तर भरपाई पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची. तुमच्या 11 वर्षांची 165 दिवस, म्हणजे ढोबळ साडेपाच महिने. शिवाय नोटिशीचा एक महिना. मिळाले तीन महिने. फरक फार मोठा नाही, आणि समेटात कंपन्या अशा फरकावर तोडगा काढतातही. नोकरी परत मिळेल या आशेवर मात्र राहू नका. जिंकलेल्या माणसालाही न्यायालयं आजकाल बऱ्याचदा एकरकमी भरपाई देतात, तीही तारखांवर तारखा पडून झाल्यावर. नव्या संहितेत न्यायाधिकरणावर दोन सदस्य आहेत. एक सदस्य असतानाही ती जागा महिनोन् महिने रिकामी राहायची, तेव्हा दोघं एका वेळी मिळतील तो सुदिन.

तुम्ही वकिलाच्या खर्चाबद्दल विचारलं आहे. समेटाच्या टप्प्यावर वकील चालतच नाही, तेव्हा हे कारणही बाद. अर्ज स्वतः लिहा, मराठीत लिहिला तरी सोबत इंग्रजी प्रत जोडा, नेमणूक पत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर लावा, आणि स्वतःच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.