खुणा शिकली तर बोलायची थांबेल का?

कर्णबधिर मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ल्याला आले की दोन प्रश्न ठरलेले असतात. साध्याच शाळेत ठेवू की मूकबधिर शाळेत घालू? आणि हातवारे शिकवले तर पोर बोलायचं सोडून देईल का? दुसरा प्रश्न बहुतेक वेळा आजीचा असतो, विचारतात मात्र वडील.

मागे आलेल्या एका कुटुंबाची हकिगत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला ओवी म्हणू. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिलाई करते. ओवी तीन वर्षांची असताना बेरा टेस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली, दोन्ही कानांत सिव्हिअर लॉस, म्हणजे तीव्र बहिरेपणा निघाला, कानाला ऐकायची मशीन लागली, स्पीच थेरपी सुरू झाली. ती बोलते. परक्याला निम्मंच कळतं, आईला सगळं कळतं.

शाळेची तक्रार काहीच नव्हती. "गुणी पोरगी आहे, तिचा काही त्रास नाही," असं वर्गशिक्षक सांगत. गटसाधन केंद्रातून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं मात्र सुचवलं की हिला खुणांची भाषा शिकवा, जमलं तर मूकबधिर शाळाही एकदा बघून या. वडिलांना ते झोंबलं होतं.

"मॅडम, एवढी वर्षं थेरपीला नेतोय. बोलायला शिकवलं ते काय हातवारे करायला? माझी आई म्हणते, एकदा हात चालायला लागले की तोंड बंद." शिवाय त्यांनी मोबाइलवर बरंच वाचलेलं. "परदेशात सगळी मुलं एकाच शाळेत शिकतात. आणि आपण तिला वेगळं काढायचं?"

मी ओवीच्या वह्या मागितल्या. "त्रास नाही" हे ऐकलं की मला वह्या बघाव्याशा वाटतात. वर्गात ज्या मुलाला काहीच कळत नाही, ते मूल बहुधा सगळ्यात शांत असतं. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. एका पानावर निबंध होता, 'माझे बाबा'. खाली लाल पेनानं 'सुंदर अक्षर' असा शेरा. वडिलांना म्हटलं, वाचा मोठ्यानं.

"माझे बाबा शेतकरी आहेत. ते पहाटे उठून गाईचे दूध काढतात." ते हसले. "आमच्याकडं गाय कुठंय?" मग पान उलटून पुन्हा मागे आले. शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील शेती करतात, हे आईनंच सांगितलं.

निबंध उतरवून घेतलेला होता. गणितं उतरवलेली होती, धड्याखालची उत्तरंही. निबंध कशावर लिहायचा आहे हे तिला कळलेलं नव्हतं, त्यामुळे आपण नक्कल करतोय हेही तिला ठाऊक नसावं. शाळेत लिहायचं म्हणजे शेजारच्या वहीत असेल ते लिहायचं, एवढंच तिनं शिकून घेतलं होतं.

मग वडिलांना समोर बसवलं आणि आवाज न काढता तीन शब्द म्हटले: मामा, बाबा, पापा. ओळखा. त्यांनी तिन्ही वेळा "बाबा" सांगितलं, कारण मनात तेच होतं. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. क, ग तर घशाशी होतात, बाहेरून काही दिसतच नाही. तुम्हाला मराठी आधीपासून येते म्हणून निदान अंदाज तरी बांधता येतो. ओवीला भाषा शिकायचीच आहे आणि तीही या अंदाजांवरून. त्यात शिक्षकांना भरघोस मिशा असतील तर बघायलाच नको!

"पण मशीन आहे ना," आई म्हणाली. आहे, आणि ती लावलीच पाहिजे. पण चष्मा लावल्यावर जसं स्वच्छ दिसतं, तसं मशीननं स्वच्छ ऐकू येत नाही. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. पंखा, बाकांची सरकासरक, शेजारच्या वर्गातले पाढे, हे सगळं मशीन तितक्याच इमानानं कानात ओतते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठही गेले. तिची थेरपी शांत खोलीत, समोरासमोर चालते. तिथली ओवी आणि चौथ्या बाकावरची ओवी या दोन वेगळ्या मुली आहेत.

परदेशाचं म्हणाल, तर वडिलांचं वाचन चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. इटलीनं १९७७ साली कायदा करून वेगळे वर्ग बंद केले आणि मुलांना साध्या वर्गात आणलं, आधार-शिक्षक दिले. या बाबतीत इटली पुष्कळ देशांच्या पुढे होती. पण त्याच देशानं इटालियन सांकेतिक भाषेला कायद्यानं मान्यता दिली ती २०२१ मध्ये. वर्गात जागा मिळाली, भाषेला मान्यता मिळायला आणखी ४४ वर्षं लागली. आणि आजीबाईंच्या मनातली भीती जगभर पसरली तीही इटलीतूनच. मिलान शहरात १८८० साली कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा काढून टाका, फक्त बोलणं शिकवा, असे ठराव झाले. पुढे कित्येक देशांत मुलांना हात हलवायची बंदी झाली. त्याच मालिकेतल्या २०१० च्या व्हँकूव्हर परिषदेत ते ठराव फेटाळले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. तोवर १३० वर्षं गेली होती.

समावेशित शिक्षणाचा, म्हणजे सगळ्या मुलांना एकाच शाळेत शिकवण्याचा पाया म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्यासोबतच्या कृती-आराखड्यातही कर्णबधिर मुलांचा वेगळा विचार आहे. त्यांच्या संवादाच्या गरजा पाहता विशेष शाळा किंवा साध्या शाळेतले विशेष वर्ग अधिक योग्य ठरू शकतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ९२ सरकारांचे प्रतिनिधी त्या परिषदेला होते. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. पसंती पालकांची. आणि मूल कुठेही शिकत असलं तरी कर्णबधिर मुलाला त्याला सोयीच्या भाषेत आणि माध्यमात शिकवणं शाळेवर बंधनकारक आहे. हे कलम शाळांना फारसं माहीत नसतं. प्रिंट काढून न्यावी, भांडण न करता टेबलावर ठेवावी.

आता आजींचा प्रश्न. खुणांमुळे बोलणं खुंटतं याला भक्कम पुरावा नाही. बोलणं किती सुधारेल हे शिल्लक ऐकू येण्यावर, मशीन कुठल्या वयात लागली त्यावर आणि सरावावर ठरतं. उलट मुलाकडे लहानपणी एकही पक्की भाषा नसेल तर पुढे वाचन, गणित, विचार करणं, सगळंच लंगडतं. मुलं भाषेवाचून राहत नाहीत, एवढं मात्र खरं. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वामध्ये कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. तिथं स्पॅनिश ओठ वाचायला शिकवत. पोरांनी मैदानावर आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून नवीच भाषा घडवली आणि धाकट्या मुलांनी तिला व्याकरण दिलं. भाषाशास्त्रज्ञ ती आजही अभ्यासतात. पण त्यासाठी सारखी मुलं एकत्र असावी लागतात. ओवीच्या गावात तिच्यासारखी ती एकटीच.

वडिलांना मी थेरपी सोडा असं म्हटलं नाही. मशीन चालू, थेरपी चालू आणि जोडीला भारतीय सांकेतिक भाषा, ती घरातल्या सगळ्यांनी शिकायची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ-कोश मोफत बघता येतो. पण व्हिडिओवर शब्द मिळतात, गप्पा मिळत नाहीत. म्हणून तालुक्याच्या गावी टेलरिंगचं दुकान असलेल्या एका कर्णबधिर जोडप्याशी ओळख करून दिली. शिलाईच्या निमित्तानं आईचं तिथं लगेच जमलं. वडील आधी नुसते बसून राहायचे. मोठेपणी कर्णबधिर माणूस कसा जगतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हिशोब करतो, गिऱ्हाइकाशी लिहून बोलतो, उधारी वसूल करतो. मला वाटतं, त्या दुकानानं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं.

शाळेत चार-दोन बदल मागितले. पुढचा पण कडेचा बाक, म्हणजे मान वळवून बाकीची मुलंही दिसतील. शिक्षकांनी लिहून झाल्यावर वळून बोलायचं. नवीन धड्यातले शब्द आदल्या दिवशी घरी पाठवायचे. "समजलं का?" असं विचारायचंच नाही, कारण ओवी मान डोलावते. "काय समजलं ते सांग" म्हणायचं. शिक्षकांच्या गळ्यातला माइक थेट मशीनशी जोडता येतो, त्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं. शिक्षक शब्द न चुकता पाठवतात. वळून बोलणं त्यांना आठवतंच असं नाही. आजी अजून नाराज आहेत, पण ओवी त्यांच्याशी भांडते ते तोंडानं आणि हातांनी दोन्हीकडून, अशी आईची बातमी आहे.

पाचवीला जिल्ह्याच्या गावच्या मूकबधिर शाळेत घालायचं का, हे ठरलेलं नाही. शाळा निवासी आहे, आईचा जीव धजत नाही. पाटीवर मूकबधिर लिहिलं म्हणून आत खुणांची भाषा असेलच असं नसतं. अनेक ठिकाणी अजून ओठ वाचण्यावरच भर आहे आणि मुलं खुणा शिकतात त्या वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. म्हणून त्यांना सांगितलंय, इमारत बघू नका. शिक्षक मुलांशी मधल्या सुट्टीत कसे बोलतात ते बघा. शिक्षकांत कुणी स्वतः कर्णबधिर आहे का विचारा. आणि आठवीतल्या एखाद्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचा मराठी उतारा देऊन त्यात काय आहे ते विचारा, तिथले शिक्षक दुभाषे होतील. वडिलांनी पुढच्या महिन्यात रजा टाकली आहे. शनिवारी नको, चालू दिवशी जा, एवढं मी त्यांना दोनदा बजावलं.