विद्यापीठाच्या कॅम्पसवर ओला-सुका कचरा वेगळा टाकायची सवय मुलांना कशी लावायची?

एनएसएसतर्फे मोहीम घ्यायची आहे, दोन रंगांचे डबे आलेत पण कुणी नीट टाकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पोस्टर आणि शपथ असा बेत असेल तर तो जरा बाजूला ठेवा. आधी एक दिवस सकाळी साडेसहाला त्या डब्यांपाशी जाऊन उभे राहा.

मी पुण्यात दोन वर्षं मुलींच्या वसतिगृहात होते, त्यातलं एक वर्ष मेस कमिटीवर. कुठलं वसतिगृह ते राहू दे. आमच्याकडेही डबे आले होते, हिरवा ओल्याला, निळा सुक्याला. फीत कापली, फोटो निघाले. पंधरा दिवसांत हिरव्यात चहाचे कप आणि निळ्यात पोह्यांचा लगदा. आम्ही कमिटीवाल्या इतर मुलींना नावं ठेवत बसलो. मग परीक्षेच्या दिवसांत एकदा रात्रभर जागून पहाटे चहाला खाली उतरलो, तर सफाईचा मुलगा दोन्ही डबे एकाच पोत्यात उपडे करत होता. विचारलं तर म्हणाला, "ट्रॉलीला कप्पाच नाही ताई, वेगळं ठेवू कुठं?" आठवड्याभरात ही बातमी सगळ्या मजल्यांवर गेली आणि ज्या चारजणी मनापासून वेगळं टाकायच्या त्यांनीही सोडून दिलं. माझ्या मते त्यांचं काही चुकलं नाही.

त्यामुळे आधी उचलणाऱ्याची सोय बघा, मुलांचं नंतर. ऑफिसात बोलायला जाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या की २०१६च्या घनकचरा नियमांतच रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या जागांची वेगळी जबाबदारी लिहिली होती, आणि त्यात विद्यापीठं आणि वसतिगृहं नावानिशी होती. म्हणजे तुम्ही उपकार मागायला चाललेला नाही. आम्हाला मिळालं काय, तर दोन वेगळ्या रंगांची पोती आणि ट्रॉलीत मधोमध लावलेली एक फळी. त्यासाठी तीन महिने खेटे घातले.

दुसरं काम एका रविवारी केलं. आमच्या मजल्याचा एका दिवसाचा कचरा मागच्या अंगणात ताडपत्रीवर ओतला आणि रोज तो निवडणाऱ्या मावशींना म्हटलं, आम्हाला शिकवा. मावशी आधी हसल्या. मग त्यांचा हात जो चालायला लागला! पाण्याच्या बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, एका बाजूने छापलेले झेरॉक्सचे कागद तिसरीकडे. चिप्सची पाकिटं त्यांनी पायानेच बाजूला सारली, "ह्याला कोण घेत न्हाई." मग कागदाचा एक जाड गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. चहाने भिजून गच्च झालेला. "ह्यो वाळवायचा कुठं, सांगा बरं?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमचा सगळा सुका कचरा बिघडवत होता तो कपाच्या तळाशी उरलेला दोन घोट चहा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो साध्या रद्दीत जात नाहीच, शिवाय स्वतःबरोबर शेजारच्या चांगल्या कागदालाही घेऊन बुडतो. आम्ही कपांच्या डब्याशेजारी एक बादली ठेवली, वर जुनी गाळणी. चहा बादलीत, कप एकात एक घालून डब्यात. बाकी काहीही न करता सुका कचरा खरोखर सुका राहायला लागला.

डब्याच्या झाकणाचंही तसंच. अमेरिकेत विद्यापीठाच्या इमारतींत केलेला एक अभ्यास २००९ मध्ये छापून आला होता: बाटल्या-कॅनच्या डब्याला गोल भोक, कागदाच्या डब्याला लांबट फट, एवढाच बदल केला तर बाटल्या-कॅन योग्य डब्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि त्यांच्या डब्यातला भलताच कचरा ९५ टक्क्यांनी घटला. उघड्या डब्यात हात आपोआप काहीही टाकतो, भोक दिसलं की क्षणभर थांबतो. आम्ही तापवलेल्या सुरीने झाकणं कापली. ओबडधोबड झाली, पण चालली.

मुलींचं वसतिगृह असेल तर सॅनिटरी पॅडचा विषय टाळू नका. मावशी हाताने निवडतात, त्यांच्या हाताला ते उघडं लागतं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती: पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. आम्ही बाथरूमच्या दाराशी वर्तमानपत्राचे चौकोन आणि सुतळीला बांधलेला लाल स्केचपेन लटकवला. स्केचपेन तीनदा चोरीला गेला, ठिपक्यांची सवय मात्र लागली.

'स्वच्छ'चं मूळही एका विद्यापीठातच आहे, हे तुमच्या कुलसचिवांच्या कानावर जरूर घाला. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करत होते, आणि त्या बायकांचं साधं म्हणणं होतं की उकिरड्यात हात घालण्यापेक्षा वेगळं काढलेलं भंगार दारातूनच मिळू द्या. त्यातूनच कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ'.

आमचं फसलं तेही सांगते. दंड लावला, तर कोणी टाकलं यावरून रूममेटांत भांडणं. बक्षीस ठेवलं, तर ज्या मजल्यावर सुट्टीत मुलीच नव्हत्या तो पहिला आला. कंपोस्टच्या खड्ड्याला तर तिसऱ्या आठवड्यात असा वास यायला लागला की रेक्टरबाईंनी बुजवायला सांगितला. चूक आमचीच होती, मेसचं उष्टं आमटीसकट तसंच ओतत होतो. तिथून पन्नास पावलांवर माळीदादा झाडलेला पाला रोज पेटवून देत होते! तो पाला मागून घेतला, उष्टं चाळणीवर निथळून एक थर त्याचा, त्यावर जाड थर पाल्याचा असं सुरू केलं, आणि वास गेला. पाला जाळणंही बंद झालं.

जुलैत नवी बॅच आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, याची तयारी ठेवा. आणि त्याआधी, मे-जूनमध्ये खोल्या रिकाम्या होतात तेव्हा, तळमजल्यावरची एक खोली आठवडाभर मागून घ्या. बादल्या, मग, हँगर, टेबललॅम्प, गाद्या, सगळं लोक तसंच टाकून जातात. पहिल्या वर्षी आम्ही ३० बादल्या धुऊन ठेवल्या होत्या, नव्या मुलींनी दोन दिवसांत नेल्या. नोट्सचे गठ्ठे मात्र मावशींना थेट बोलावून द्या, भिजायच्या आत.