लघुग्रहाचा शोध ‘लागतो’ की ‘लावतात’?

प्रश्न असा आहे : लघुग्रह आकाशात आधीपासून होताच, मग अमक्याने त्याचा ‘शोध लावला’ हे चूक नाही का? ‘शोध लागला’ म्हणायला हवं ना? शिवाय ‘निरीक्षण’ हा सोपा शब्द असताना ‘वेध’ कशाला?

‘लावला’ चूक नाही. नव्या यंत्राचा शोध लावतात, तसाच आधीपासून असलेल्या गोष्टीचाही. पोलीस चोराचा शोध लावतात, म्हणजे चोर काही ते घडवत नाहीत! ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांत फरक आहे तो माणसाच्या खटाटोपाचा. वस्तू नवी की जुनी याच्याशी त्याचा संबंध नाही.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला पहिला लघुग्रह सेरेस (आज तो बटुग्रहांतही मोडतो). १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जुझेप्पे पियाझी ताऱ्यांची यादी करत होते. त्यातला एक ठिपका पुढच्या रात्री जागेवरून सरकलेला दिसला. ते ग्रह शोधायला बसलेच नव्हते, म्हणून पियाझींना सेरेसचा शोध लागला. थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या झगमगाटात दिसेनासा झाला. तेव्हा गाउस या तरुण गणितज्ञाने हाती असलेल्या मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढली, आणि वर्षअखेरीस खगोलशास्त्रज्ञ फॉन त्साख यांना तो त्या गणिताच्या आसपासच सापडला. हा दुसरा शोध मात्र सरळसरळ लावलेला. कार्ल हेन्के यांचंही तसंच. टपाल खात्यात नोकरी केलेला हा हौशी माणूस वर्षानुवर्षं आकाश चाळत राहिला आणि १८४५ मध्ये त्याने अ‍ॅस्ट्रिया हा लघुग्रह शोधला. तिथे ‘लागला’ लिहिलं तर त्याच्या चिकाटीवर अन्याय होईल.

आज बहुतेक लघुग्रह सर्वेक्षणाच्या दुर्बिणी टिपतात आणि हललेला ठिपका संगणक हेरतो. एखाद्या रात्रीच्या छायाचित्रांत असा ठिपका मिळाला, तर मी नुसतं ‘आढळला’ लिहीन. कारण कक्षा पक्की झाल्याशिवाय त्याला कायमचा क्रमांक मिळत नाही, आणि तोवर तो हरवूही शकतो. पूर्वी तर क्रमांक मिळालेलाही हरवायचा : ८७८ क्रमांकाचा मिल्ड्रेड १९१६ मध्ये सापडला, नंतर हरवला तो थेट १९९१ मध्ये पुन्हा हाती लागला.

आता ‘वेध’. निरीक्षण कशाचंही करता येतं, पक्ष्यांचं, माणसांचंही. ‘वेध घेणे’ यात मोजमाप आलं : अमुक क्षणी ताऱ्यांच्या संदर्भात ठिपका नेमका कुठे होता. बहुतेक दुर्बिणींतून लघुग्रह हा एक बिंदूच दिसतो, त्यामुळे त्याची जागा हीच मोलाची माहिती. कक्षेविषयी लिहिताना म्हणूनच ‘वेध’ नेमका बसतो. तेज कसं कमी-जास्त होतं ते पाहून त्याच्या फिरकीचा काळ काढतात, तिथे ‘निरीक्षणं’ खुशाल लिहावं. ‘वेध लागणे’ मात्र वेगळं, ते ग्रहणाचे किंवा सुट्टीचे.

खरी चूक प्रश्नात नसलेल्या तिसऱ्या रूपात होते. ‘शास्त्रज्ञांनी नव्या लघुग्रहाचा शोध घेतला’ असं बातम्यांत सर्रास येतं. शोध घेतला म्हणजे धुंडाळलं. सापडला की नाही, ते वाचकाला कळतच नाही.