हाकेचे नाव आणि कागदावरचे नाव

प्रश्न : मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षे श्टुटगार्टला राहते. माझा नवरा जर्मन आहे. आम्हाला मुलगी होणार आहे (इथे डॉक्टरांनी ते सांगण्यास बंदी नाही). नवऱ्याच्या पणजीचे नाव विल्हेल्मीने, आजीचे गेर्ट्रूड आणि सासूबाईंचे हानेलोरे. यांपैकी एखादे नाव घराण्याची आठवण म्हणून ठेवावे, असे त्याला वाटते. माझ्या आईला यांतले एकही नाव नीट उच्चारता येत नाही, आणि गेर्ट्रूडचा अर्थ 'भाल्याचे बळ' असा कुठेतरी वाचल्यापासून ती अधिकच धास्तावली आहे. शिवाय एक मराठी नावही हवे आहे. काय करावे?

उत्तर : आधी आईंची धास्ती दूर करू. गेर्ट्रूडमधला 'गेर' म्हणजे भाला आणि दुसरे पद बळवाचक, हे खरे आहे; परंतु जुनी जर्मन नावे दोन पदांची असली, तरी त्यांचा समास सोडवून अर्थ लावायचा नसतो. माटिल्डेमध्ये 'सामर्थ्य' आणि 'युद्ध' एकत्र आले आहेत, आडेलहाइडमध्ये 'कुलीन' आणि 'जात, प्रकार' हे शब्द आहेत, आणि याच आडेलहाइडचे लाडके रूप म्हणजे आपल्याला परिचित असलेली हायडी. ही पदे बहुतेकदा अर्थासाठी निवडली जात नसत, तर नात्यासाठी निवडली जात. नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या 'हिल्डेब्रांड्सलीड' या काव्याच्या तुकड्यात आजोबा हेरिब्रांड, त्यांचा मुलगा हिल्डेब्रांड आणि नातू हाडुब्रांड अशी तीन पिढ्यांची नावे येतात. अर्धे नाव पुढे चालवायचे आणि अर्धे नवे जोडायचे, ही जर्मन घराण्यांची फार जुनी रीत आहे. म्हणून गेर्ट्रूड हे नाव जसेच्या तसे ठेवले नाही तर आजीचा मान राहणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आता उच्चाराकडे वळतो, कारण मराठी घरांत खरी अडचण तिथेच येते. जर्मन नावाच्या शेवटी रोमन 'इ' अक्षर दिसले की आपण 'ए' म्हणतो, आणि तिथेच चूक होते. तो स्वर आपल्या बोलण्यातल्या 'केलं', 'घरं' यांच्या शेवटी येणाऱ्या लांबट 'अ'च्या फार जवळचा आहे. 'विल्हेल्मीनं', 'हानलोरं' असे म्हणून पाहा; आईंना हे चटकन जमेल, कारण असा शेवट त्या दिवसभर उच्चारतच असतात. गेर्ट्रूडच्या शेवटचा 'ड' मात्र जर्मन तोंडात 'ट' होतो, त्यामुळे ते 'गेर्ट्रूट' असे ऐकू येते. काही नावे सोपी असूनही आपल्या कानाला दगा देतात. इडा हे जर्मनीत पुन्हा आवडीचे झालेले नाव आहे, पण सांगलीच्या आजीला त्यावरून 'इडापिडा टळो' आठवल्याशिवाय राहणार नाही. ऊटे या नावाचे पाळण्यातच उंट होईल, आणि लोटे म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर येईल ते सांगायला नको.

तुमच्या तीन नावांपैकी मला विल्हेल्मीने सर्वांत उपयोगी वाटते, आणि त्याचे कारण तिची लाडकी रूपे. मिना, मिन्ना, विल्मा, हेल्मा ही सारी तिच्यातूनच निघाली आहेत. जर्मन मिनाचा उच्चार थेट आपल्या मीनासारखा होतो. अशी लघुरूपे जर्मनीत जन्मनोंदणीला स्वतंत्र नाव म्हणून चालतात. हानेलोरे हे तर मुळातच दोन लघुरूपांचे जोडनाव आहे: योहानातून हाने आणि एलेओनोरेतून लोरे. त्यातले हाना उचलले तर सासूबाईंचाही मान राहतो. गेर्ट्रूडची ट्रूडे, ट्रूडी, गेर्टी अशी रूपे आहेत. मात्र एमा, फ्रीडा, माटिल्डा या आजीच्या काळातल्या नावांना आज जशी पुन्हा पसंती मिळाली आहे, तशी गेर्ट्रूडला अजून मिळालेली नाही. शाळेत ते नाव वागवायचे आहे मुलीला, तुमच्या यजमानांना नव्हे.

परंतु मिना हे नाव पक्के करण्याआधी सासूबाईंना एक फोन करा आणि विचारा की पणजीला घरात काय म्हणून हाक मारत. जर्मनीत माणसाला दोन-तीन नावे असणे जुने आहे आणि त्यांतल्या ज्या नावाने हाक मारतात त्याला 'रूफनामे' म्हणतात, म्हणजे शब्दशः हाकेचे नाव. ते पहिलेच असते असे नाही. पूर्वी कागदपत्रांत त्याच्याखाली रेघ मारत. घरात जुना दाखला असेल तर ती रेघ शोधा. पणजी कागदोपत्री विल्हेल्मीने असली आणि साऱ्या गावाला हेल्मा म्हणून माहीत असली, तर आठवण हेल्मा या नावात आहे.

मराठी नावाची काळजी करू नका. ते दुसरे किंवा तिसरे नाव म्हणून शेजारी लिहिता येते. मध्ये जोडरेघ मात्र घालू नका: जोडरेघ घातलेली दोन नावे कायद्याने एकच नाव ठरतात. सुटी लिहिलेली नावे सारख्या दर्जाची असतात आणि १ नोव्हेंबर २०१८ पासून त्यांचा क्रम नोंदणी कार्यालयात अर्ज करून बदलता येतो, त्यामुळे मोठेपणी मुलीला मराठी नाव पुढे आणावेसे वाटले तर वाट मोकळी आहे. नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे, असे कुणी सांगितले तर त्यांना 'किरण' खटल्याची आठवण करून द्या. वडील भारतीय वंशाचे असलेल्या एका कुटुंबाने मुलीचे नाव किरण ठेवले, नोंदणी कार्यालयाने ते नाकारले, आणि ५ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने अशी सक्ती करणारा कायदाच नाही असे सांगून पालकांच्या बाजूने निकाल दिला. जन्माची खबर एका आठवड्यात द्यावी लागते. नाव कळवायला महिनाभर सवड मिळते. म्हणजे बारशापर्यंत थांबता येईल.

प्रश्न : माझी आजी जर्मनीतील ज्यू होती. तिचा जन्म १९१२चा. १९३९च्या सुरुवातीला ती मुंबईला आली आणि पुढे इथेच तिने मराठी माणसाशी लग्न केले. तिच्या जुन्या पासपोर्टवर 'केटे सारा' असे नाव आहे. शेजारच्या पारशी बिऱ्हाडामुळे सगळी चाळ तिला केटी म्हणत असे. माझ्या नातीचे नाव सारा ठेवावे असा विचार आहे. आपले मत काय?

उत्तर : बारशाच्या पत्रिका छापल्या नसतील तर थोडे थांबावे. १७ ऑगस्ट १९३८ रोजी नाझी सरकारने एक हुकूम काढला. ज्या ज्यूंचे नाव सरकारी यादीतले 'ज्यू' नाव नव्हते, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून आणखी एक नाव लावायचे होते: सर्व पुरुषांनी इस्राएल आणि सर्व स्त्रियांनी सारा. आपल्या आजींच्या प्रवासाची तारीख पाहता पासपोर्टवरची सारा बहुधा अशीच आलेली आहे. सारा या नावात काही वाईट नाही. ते बायबलमधल्या अब्राहमच्या पत्नीचे नाव आहे आणि आज ते महाराष्ट्रातही अनेक घरांत ठेवतात. पण लाखो बायकांवर एकच नाव शिक्क्यासारखे उमटवणे हा अपमान होता, आणि आजींच्या कागदावर ते त्या रूपात आलेले असू शकते.

खात्री करून घेणे शक्य आहे. जर्मनीत जन्माच्या नोंदवह्या ११० वर्षांनी नोंदणी कार्यालयाकडून अभिलेखागारात जातात, म्हणजे १९१२ची वही आता आजींच्या जन्मगावच्या अभिलेखागारात असायला हवी. पत्र लिहिताना छोटा जन्मदाखला मागू नका, वहीतल्या संपूर्ण नोंदीची प्रत समासासह मागा. सारा हे नाव मूळ ओळीत असेल तर ते आजींच्या आईवडिलांनी दिलेले आहे आणि ते निःशंकपणे ठेवा. ते समासात, १९३८-३९च्या सुमाराच्या नोंदीत असेल, आणि पुढे ती नोंद रद्द केल्याचा शेराही शेजारी असेल, तर ते कुणी दिले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तसे निघाले तर केटे या नावाचा विचार करा. ते काटारीनाचे लघुरूप असले, तरी त्या काळात अनेक मुलींचे पूर्ण नाव म्हणूनच ठेवले जाई. चित्रकार केटे कोल्विट्स ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. आणि चाळीने दिलेले केटी हे नाव तर आजींनी जन्मभर ओ देऊन आपलेसे केलेले आहे. मी आपल्या जागी असतो तर नोंदीची प्रत हाती येईपर्यंत नातीला केटी म्हणूनच हाक मारायला लागलो असतो.