निपाणी-चिकोडी भागात माती जिवंत ठेवणारी शेती कुठं बघायला मिळेल? एका भेटीत काही कळतं का?

कळतं, पण उन्हाळ्यात आलात तर. श्रावणात सगळ्यांचीच रानं हिरवीगार असतात. ऊस तुटून गेल्यावर या आणि खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या पिकात, पाचट (उसाचा वाळला पाला) आहे का राख, तेवढं आधी बघा. शेण-गोमूत्राच्या जीवामृताची पिंपं, गोठा, बोर्ड हे सगळं नंतर.

आमचं रान निपाणीजवळ. चुलत्यांचं नि आमचं पूर्वी एकच होतं, वाटणीत मधे बांध पडला. पहिल्यांदा पाचट ठेवलं तेव्हा काका चार माणसांसमोर म्हणाले, "उंदरं पाळायला ठेवलायस काय? पाणी तरी पुढं सरकंल काय?" मी काडी लावली नाही. बुडखे जमिनीलगत छाटले, एकाआड एक सरीत पाचट दाबलं, वर युरिया, सुपर फॉस्फेट नि पाचट कुजवायचं कल्चर टाकून पाणी सोडलं. एकरी 3-4 टन पाचट निघतं. जाळलं की त्यातला कर्ब आणि नत्र धुरातनं जातं. मे महिन्यात पाचट सारून बघितलं तर खाली काळा भुगा, पांढऱ्या मुळ्या पार वर आलेल्या, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. बांधापलीकडं त्याच दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी सरकायचं म्हणाल तर मोकळ्या सरीतनं नीट सरकतं, आणि दोन पाण्यांतलं अंतरही वाढतं.

युरियाचं नाव काढलं की काही नैसर्गिक शेतीवाले नाक मुरडतात. मुरडू देत. पाचटात नत्र कमी. कुजवणारे जिवाणू ते मातीतनं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत मीही देतो: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. पण पाचट जाळून वर जीवामृत शिंपडणाऱ्याचं रान बघण्यात दिवस घालवू नका.

जायचंच तर कोल्हापूरच्या वाटेवर कणेरी मठ आहे, तिथं गोशाळा आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं केंद्र आहे. शेतकऱ्याकडं गेलात तर शेजाऱ्याचं रानही बघा, दोन्हीकडची माती ओंजळीत घ्या आणि खोडव्याचा उतारा, म्हणजे एकरी किती टन निघाला, ते विचारा. लागणीचा, म्हणजे नव्या लावलेल्या उसाचा, उतारा कुणीही छाती फुगवून सांगतो.

हे सगळं निचऱ्याच्या रानाचं. नदीकाठच्या पाणथळ काळ्या रानात पाचटाखाली ओल जास्त धरते, तिथं आधी चर काढावे लागतात. खानापूरच्या भाताचं गणित वेगळं, ते तिथल्यांनाच विचारा. काका अजून दरवर्षी पेटवतात. आमच्याकडं आलात तर त्यांच्याही बांधावर नेईन.